इसाकचाचांचं टेकण

चहा घ्या आधी. हे सांगायला मला अजूनही जड जातं. त्यात आमची ही आतून ऐकत असणार, म्हणजे मध्ये एक शब्द खोटा घालायची सोय नाही!

तर मी वेल्डर. रोह्याच्या एका कंपनीत तीस वर्षं नोकरी, राहायला पेणला. साधासुधा वेल्डर नव्हे हो! माझी वेल्डिंगची ओळ बघायला दुसऱ्या शिफ्टची माणसं थांबायची. माशाच्या खवल्यांसारखी, एकावर एक, एकसारखी. आणि आम्हा वेल्डरांचा एक कायदा असतो, चांगल्या ओळीला ग्राइंडर लावायचा नाही. घासून गुळगुळीत कोण करतो? ज्याचं काम लपवण्यासारखं असतं तो! हा कायदा लक्षात ठेवा. त्यानेच माझं नाक कापलं.

रिटायर झालो आणि लाकूड कातायचं खूळ डोक्यात शिरलं. रोह्याचे इसाकचाचा म्हणजे नावाजलेले कातारी. पाळण्याच्या दांड्या, पलंगाचे खूर, लाटणी, सगळं त्यांच्या हातचं. त्यांचे डोळे अधू झाले, मुलगे दुबईला, म्हणून त्यांनी आपला लेथ मला दिला. टेम्पोत चढवताना एक जुनी लोखंडी पट्टी माझ्या हातात ठेवली. तिला टेकण म्हणायचं. लाकूड समोर गरगर फिरतं, आणि पटाशी, म्हणजे कातायची धारदार छिन्नी, या टेकणावर टेकवून सरकवत न्यायची. चाचांच्या टेकणाला मधोमध खळगा पडला होता, इतक्या वर्षांच्या अंगठ्याने.

"हे टाकू नको हां, अनंता," चाचा म्हणाले. "माझा हात बसलाय त्याच्यावर."

मी मनात म्हटलं, बघा! वेल्डरला लोखंडाचं दान!

घरी येऊन मी स्वतःचं टेकण बनवलं. दोन पट्ट्या एकमेकींना टेकवल्या, कौलारू छपरासारख्या, आणि वरच्या कडेवर अशी ओळ मारली की बस्स! एकावर थांबलो असेन? तीन केली. लहान, मोठं आणि एक वाकडं. सगळ्यांना खालून सिल्वर रंग दिला. ओळ मात्र उघडी ठेवली, लोकांना दिसायला नको? चाचांचं टेकण वाया कशाला घालवा, म्हणून ते परसातल्या एका पत्र्याच्या दाराला मूठ म्हणून जोडून टाकलं.

पुढे लेक बाळंतपणाला आली. मुलगा झाला. मी व्याह्यांना फोनवर ठणकावून सांगितलं, "बारशाचा पाळणा आजोबा स्वतः कातणार!" पाळण्याला बारा दांड्या, हातात बारा दिवस. त्यात काय एवढं?

पहिली दांडी लावली. पटाशी उड्या मारायला लागली आणि दांडीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गाठीच गाठी! ही बाहेर आली, दांडी हातात घेऊन फिरवून बघितली.

"अहो, पाळण्याची दांडी आहे की शेवग्याची शेंग?"

मी लाकूड बदललं. पटाशीला धार लावली. विजेला शिव्या दिल्या. दुसरी शेंग निघाली. तिसरी शेंग. सातव्या दिवशी गावजेवणाच्या आमटीला पुरतील एवढ्या शेंगा अंगणात पडल्या होत्या.

मग माझ्या सुपीक डोक्यात आलं, लेथच वाकडा आहे! बरं, आलं तर आलं, माणसाने गप्प बसावं की नाही? मी वखारीत बोललो, टपरीवर बोललो, गणपतीच्या कारखान्यात जाऊन बोललो. "इसाकचाचांनी फसवलं हो मला! बाद माल गळ्यात मारला." सगळे हळहळले. आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

आठव्या दिवशी पिशवीत एक शेंग आणि माझं सगळ्यात देखणं टेकण घालून रोह्याची गाडी पकडली. टेकण कशाला? अहो, दाखवायला! आमच्याकडचं सामान कसलं आहे ते कळू दे की त्यांना!

चाचा शेजाऱ्यांबरोबर ओट्यावर बसले होते. माझा आवाज ऐकून त्यांनी आत हाक दिली, "ऐकतेस गो? चाय ठेव. पेणचा अनंता आलाय." मग मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "मशीन वाकडी हाय म्हनतोस ना? कळलं मला."

माझी बातमी माझ्या आधीच्या गाडीने रोह्याला पोचली होती!

"इतक्या वर्सांत माझ्या कामाला कोनी नाव ठेवलं नाय, अनंता. पन तू म्हनतोस तर असंल. टेम्पो सांगून ठेवलाय, उद्या मशीन परत आनतो. नातवाच्या पाळन्याचं काय करशील?"

मी शेंग त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बोटांत फिरवली. "मशीन वाकडी असती तर दांडी गोल झाली नसती. ही गोल हाय. ह्या गाठी येगळ्या. टेकन आनलंस काय?"

मी ऐटीत पुढे केलं. त्यांचा अंगठा ओळीवरून गेला, थांबला, परत मागे आला. त्यांनी दांडी टेकणाला लावून धरली. एक बोट गाठीवर, एक बोट खवल्यावर. गाठ, खवला. गाठ, खवला. सगळ्यांच्या जोड्या जुळल्या!

"ह्याच्यावरून पटाशी सरकवतोस?"

"हो."

"घासलं नाय?"

"चाचा, वेल्डिंगची ओळ आहे ती! अशी ओळ घासतात होय?"

"ओळ झ्याक हाय रे. पन ह्या रस्त्याने गाडी नेली तर बैलसुद्धा खाली बसंल."

शेजारी हसले. चहा घेऊन आलेल्या चाची हसल्या. चाचा तेवढे हसले नाहीत. त्यांनी डब्यातली कानस काढली, टेकण मांडीत धरलं आणि माझी तीस वर्षांची कला घासायला घेतली. कीस माझ्या चपलांवर पडत होता. माफी मागायची होती हो मला, देवाशपथ! तोंडातून काय निघालं?

"चाचा, चहात साखर जरा कमी आहे."

आता काय म्हणावं या तोंडाला?

घरी आलो, ते टेकण लावलं आणि पटाशी लोण्यातून जावी तशी गेली. बाराव्या दिवशी बारा दांड्या तयार. मधल्या वेळात वखारीत, टपरीवर आणि कारखान्यात परत जाऊन सांगून आलो, "लेथ सरळ आहे, वाकडा मीच." यावेळी कुणी हळहळलं नाही. सगळ्यांनी माझ्याच नावावर चहा मागवला.

बारशाला चाचांना स्वतः जाऊन घेऊन आलो. त्यांनी एकेका दांडीवरून हात फिरवला आणि व्याह्यांसमोर म्हणाले, "आता झाली दांडी!" मला भरून आलं.

"माझं जुनं टेकन ठेवलंयस ना?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय, चाचा! रोज हात लागतो त्याला."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. जेवणं झाली आणि चाचा हळूच म्हणाले, "अनंता, जरा मागल्या बाजूला ने बघू." मी बादली भरून घेतली आणि त्यांचा हात धरून परसात नेलं. पत्र्याच्या दारापाशी पोचलो तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, पण तोवर चाचांनी मूठ धरली होती.

अंगठा बरोबर खळग्यात जाऊन बसला. तिथेच राहिला.

"अनंता."

"हं, चाचा."

"रोज हात लागतो म्हनालास."

"हो."

"घरातल्या सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा."

चाचांनी खळग्यावरून अंगठा एकदा फिरवला. मग मूठ दोनदा हलवून बघितली, दार ओढलं आणि आत जाता जाता म्हणाले, "वेल्डिंग मात्र घट्ट हाय हां तुझी."

तीस वर्षांत माझ्या कामाला मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी ती. मी ती संडासाच्या दाराबाहेर, बादली धरून, खाली मान घालून घेतली.