हरळी की प्लास्टिक : जालन्याच्या मैदानात अडकलेले चार दिवस

निघालो होतो जांब समर्थला. तिथलं देऊळ गार असतं, भर दुपारी मंडपात आडवं झालं तरी कुणी उठवत नाही, असं आमच्या मनमाड स्टेशनाबाहेरच्या चहावाल्यानं सांगितलं होतं. एप्रिल महिन्यात माणसाला आणखी काय पाहिजे? शुक्रवारी सकाळची पॅसेंजर पकडली. चाळीस रुपयांच्या आत जालना, आणि खिडकी मिळाली तर स्वप्नं फुकट. मला मिळाली. औरंगाबाद मागे पडल्यावर माळ असा पिवळा पसरत जातो की उघड्या डोळ्यांनी झोप लागते. बदनापूरला उतरणाऱ्या एका म्हाताऱ्यानं काही न बोलता दोन मोसंब्या माझ्या मांडीवर ठेवल्या. त्या सोलण्यात जालना कधी आलं कळलं नाही.

अंबडकडची एसटी शोधत स्टँडकडे चाललो होतो, तिथंच माझी वाट चुकली. समोरून एक हातगाडी आली. तिच्यावर गुंडाळलेलं हिरवंगार काहीतरी. सतरंजी म्हणावी तर अंगावर केस. मी हात लावून बघितला. गाडीवाला म्हणाला, "हात लावायचा तं ढकला मंग."

ढकलली. मी बरीच गावं अशीच बघितली आहेत.

गाडी एका फुटबॉलच्या मैदानात शिरली. लोक त्याला स्टेडियम म्हणतात, कारण एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या आहेत. निम्म्या खचलेल्या, निम्म्यांवर नवं प्लास्टर चढत होतं. गोलचे खांब ताजे पांढरे. मैदानाची तऱ्हा मात्र अजब. पूर्वेकडचा गोल हिरव्या गवतात उभा आणि पश्चिमेकडचा निव्वळ मातीत, जणू एखाद्या माणसानं अर्धीच दाढी केली आहे. आम्ही ती गुंडाळी मातीतल्या गोलसमोर उलगडली. प्लास्टिकचं गवत! नमुना म्हणून आलेला तुकडा, अंगणाएवढा. नव्या चपलेसारखा वास.

शिट्टी गळ्यात अडकवलेल्या एक बाई तिथं उभ्या होत्या. सुनंदा मॅडम, शाळेत खेळाच्या शिक्षिका, मुलींचा संघ त्याच तयार करतात. त्यांनी सगळा मामला सांगितला. गावातल्या एका कारखानदारांनी मैदान नवं करून द्यायचं कबूल केलं होतं : पायऱ्या, भिंत, मुलींना कपडे बदलायला खोली, आणि हवं असेल तर सगळीकडे हे प्लास्टिक. मैदानाच्या कमिटीनं रविवारी ठरवायचं होतं, प्लास्टिक की साधं गवत.

"माझं मत ठरलेलं आहे," मॅडम म्हणाल्या. "ह्याला पाणी लागत नाही. माझ्या पोरींचे गुडघे बघा एकदा."

पायरीवर एक उंच, वाळका माणूस आमच्याकडे पाठ करून बसला होता. ते गफूरचाचा. तरुणपणी गोलकीपर, आता मैदानाची राखण त्यांच्याकडे. हिरवा अर्धा भाग त्यांचा.

ऊन उतरल्यावर मी आधी प्लास्टिकवर पडून बघितलं. पाठीला गरम इस्त्री लागल्यासारखं झालं, पण चेंडू त्यावरून असा सरळ जात होता की बघत राहावं. मग जाऊन चाचांच्या गवतावर पडलो. ओल वर येत होती. वर घारी फिरत होत्या, कुठूनतरी कांदा परतल्याचा वास येत होता, आणि मला वाटलं की जांब समर्थ इथंच कुठंतरी असणार, मीच उगाच पत्ता विचारत फिरतोय.

"झोपा, पण पाय घासू नका," चाचा जवळ येऊन म्हणाले. "वीस वर्षं झाली. एकेक ठोंब बोटानं लावलाय."

मुक्काम स्टँडजवळच्या लॉजवर, शंभर रुपये. पंखा आहे, वारा नाही. समोरच्या खानावळीत शेवभाजी आणि ज्वारीची भाकरी पंचवीस रुपयांत. तिखट आहे, ताक आधीच मागून ठेवा.

शनिवारी सहा वाजता पुन्हा मैदानात गेलो. टँकर आला होता. मैदानामागच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी, म्हणून अर्धा टँकर गल्लीला आणि अर्धा मैदानाला, असा जुना ठराव. बायकांच्या घागरी भरून व्हायच्या आधीच टँकरवाल्यानं पाइप चाचांच्या हातात दिला. मागे राहिलेली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "पाजा चाचा, तुमच्या लाडकीला पाजा! आमची लेकरं काय, थुंकी गिळून ऱ्हातील."

सगळ्या हसल्या. चाचांनी मान वर केली नाही. पाइप ओढत गेले आणि गवतावर पाणी धरून उभे राहिले. त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते.

त्या दिवशी जांब समर्थला जाऊन आलो एकदाचा. अंबड, घनसावंगी करत एसटी निवांत जाते, अडीच-तीन तास धरून चला. वाटेत टायर बसलं. शेजारच्या नांगरटीत बायका वाकून मुळ्या वेचत होत्या, पांढऱ्या, गाठीगाठीच्या, दोरीसारख्या लांब. काय आहे विचारलं तर एक म्हणाली, "हरळी. नीट वेचली न्हाई तर पीक खाती." वेचलेली हरळी त्या बांधावर न टाकता डांबरी रस्त्यावर आणून टाकत होत्या, गाड्यांखाली चिरडायला. देऊळ खरंच गार निघालं. मंडपात दोन तास झोपलो, कुणी उठवलं नाही. चहावाला खरा माणूस.

रविवारी सकाळी बैठक. पायऱ्यांवर दहा-बारा माणसं, वर शामियान्याचं एक कापड. अध्यक्ष विठ्ठलअण्णा, पिंपळगाव रेणुकाईचे शेतकरी, आता मुलाकडे शहरात राहतात. मॅडमनी पाण्याचा आणि गुडघ्यांचा मुद्दा मांडला. कुणीतरी उन्हात प्लास्टिक तापतं म्हणालं. "सकाळी सातच्या आत खेळू," मॅडमचं उत्तर तयार. मग सगळे चाचांकडे वळले. आता हा माणूस गवतासाठी भांडणार, असं मलाही वाटलं.

चाचा उभे राहिले. "प्लास्टिक टाका," ते म्हणाले. "रोज सकाळी त्या घागरींसमोरून पाइप नेतो. मला बघवत न्हाई आता. अन् पाणी बंद केलं तर ही मरून जाईल. मरताना बघण्यापेक्षा एकदाच झाकून टाका."

विठ्ठलअण्णा उठले, धोतर सावरत गवतात गेले, वाकले आणि एक काडी उपटून बराच वेळ बघत राहिले. तिथूनच ओरडले, "अहो गफूरभाई, ही तं हरळी हाय!"

"मंग? हरळीच लावली मी."

"लावली? अन् टँकरनं पाजून राह्यले? येडे का काय तुम्ही!" अण्णा तरातरा परत आले. "चाळीस वर्षं मी हिला मारून राह्यलो. नांगरली, खंदली, वेचली, वाळवली. लागोपाठ दोन वर्षं दुष्काळ पडला, बाभळी वाळल्या, हिरीत दगड दिसायला लागले. अन् पाणी पडल्यावर पैली कोण आली? हीच अवदसा! ही मरत असती तर आज माझ्याकडं मोटार असती."

पायऱ्यांवर हशा. चाचा हसले नाहीत. "वाळंल ती," ते म्हणाले.

"वाळू द्या की. झोपती ती. खालून जित्तीच ऱ्हाती."

"आणि पोरी कशावर खेळणार? तिच्या झोपेवर?" मॅडम.

अण्णांनी तोड काढली. पावसापर्यंत मैदानाला बादलीभरसुद्धा पाणी नाही, वर कुणी खेळायचं नाही. पोरींनी सकाळी नमुन्याच्या तुकड्यावर आणि शाळेत सराव करायचा. पाऊस लागून महिना झाला की कमिटीनं बघायचं. आली तर मैदान तिचं, कारखानदार शेठजींचा पैसा पायऱ्यांना आणि खोलीला. नाही आली तर प्लास्टिक. "अन् तवा पैला हात माझा वर," अण्णा म्हणाले.

हात वर झाले. चाचांचा सगळ्यात शेवटी.

सोमवारी माझी दुपारची गाडी होती. सकाळी टँकर आला तेव्हा चाचांनी पाइप भिंतीवरून गल्लीत सोडला आणि स्वतः धरून उभे राहिले. परवाची बाई घागर लावता लावता हळूच म्हणाली, "चाचा, आज तुमचा नंबर न्हाई का?" "भर बेटा," एवढंच.

निरोप घ्यायला एक वाजता गेलो. ऊन असं की डोळे मिटावेत. चाचा पूर्वेच्या गोलमध्ये उकिडवे बसून नमाजाआधी तांब्यानं वजू करत होते. हात, तोंड, पाय. प्रत्येक थेंब गवतात.

"चाचा, समोर मशिदीत नळ आहे ना?"

"आहे."

"मग इथं?"

"इथली हवा चांगली हाय," ते म्हणाले आणि उरलेला तांब्या पायांवर जरा जास्तच सावकाश ओतला. मी कुणाला सांगितलं नाही. आता सांगतोय, कारण निकाल लागला आहे.

घरी येऊन मी बरेच दिवस त्या मैदानातच होतो. आई काहीतरी विचारायची, मी हूं म्हणायचो. मला आठवायची ती पाठीला लागलेली ओल आणि तिच्यासाठी लाजलेला एक माणूस. आपल्या हातानं वाढवलेलं वाळताना बघत नुसतं बसायचं, हे काम मला जमलं नसतं. मी तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाला गेलो असतो.

पाऊस लागून महिना झाल्यावर राहवेना. एसटीडी बूथवरून सुनंदा मॅडमच्या मोबाइलवर फोन लावला. त्या मैदानातच होत्या.

"आली," त्या म्हणाल्या. "माझा हट्ट गेला. पण खोली झाली आहे, प्लास्टिकचा तुकडा आम्ही तिथं खाली अंथरलाय. पोरी लोळतात त्यावर. थांबा, चाचांना देते."

"बराबर आली," चाचा म्हणाले. मीटरचे आकडे पळत होते. "एक सांगू का? जिथं मी वीस वर्षं पाणी घातलं अन् तिकडं पोरींनी तुडवलेल्या मातीत जिथं तांब्याभर न्हाई घातलं, दोन्हीकडं सारखीच आली. ओळखूच येत न्हाई."

"वाईट वाटलं?"

"दोन दिवस वाटलं. आता सवड कुठंय? रोज कापून राह्यलो. तिकडच्या गोलपर्यंत जाईस्तोवर इकडं परत उभी." ते पहिल्यांदा हसले. "विठ्ठलअण्णा येतात ना रोज संध्याकाळी. पायरीवर बसून शिव्या देतात तिला. उठत मात्र न्हाईत."