हजेरीच्या गाण्यातली रिकामी जागा

मास्तरीणबाई गप्प बसल्या तर भिंतीवरचं घड्याळ बंद पडेल, अशी संगीतोपचार केंद्रात थट्टा चाले. बाई बोलायला लागल्या की समोरच्याला श्वास घ्यायचीही चोरी. हीच बाई दर मंगळवारी चार मात्रा ओठ मिटून बसते, हे त्यांच्या सख्ख्या नवऱ्यालाही पटत नसे.

वर्ग नऊ जणांचा. कुणाला बोलता येत नाही, कुणाचे हात ऐकत नाहीत, कुणी तासभर खिडकीला चिकटलेलं. सुरुवात हजेरीच्या गाण्याने. बाई पियानोवर "कोण आलं, कोण आलं?" म्हणायच्या आणि पुढच्या चार मात्रा रिकाम्या सोडायच्या. त्या ज्याच्या त्याच्या. नाव सांगा, ढोल बडवा, नुसते हसा.

त्यांतली एक, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या घड्याळजींची लेक, पस्तिशीची. तिला सगळे ताई म्हणत. सहा वर्षांत तिच्या चार मात्रा कोऱ्याच. म्हणजे अगदी कोऱ्या नाहीत. दाराजवळच्या खुर्चीत बसलेले तिचे वडील तिसऱ्या मात्रेला न चुकता खाकरायचे. "अंहं!"

"आजोबा, घशाला कुलूप घाला की! ती जागा तिची आहे."

"सवय हो, बाई. एकदा तिच्या तोंडून तिचं नाव ऐकू द्या, मग बघा कसा कायमचा गप्प होतो!"

"अहो, अभद्र बोलू नका."

ते हसले. पण त्यांचा जीव त्या एका शब्दात अडकला होता, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच बाईंनी ठरवलं, या खाकरण्यापायीच पोरीचा शब्द अडतोय. खुर्ची बाहेर गेली, बोळात. म्हातारा तोंडावर रुमाल धरून दाराला कान लावून बसू लागला. तीन मंगळवार ताई पियानो सोडून दाराकडेच बघत राहिली. "चुळबुळ वाढलीय, आता बोलणार!" बाईंनी सगळ्यांना सांगून टाकलं.

चौथ्या मंगळवारी ताईला मावशी घेऊन आली. रविवारी घरच्या भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देता देताच घड्याळजी गेले होते.

बाई थेट पियानोकडे वळल्या. त्यांनी गाणं सुरू केलं. ताईची पाळी आली.

"कोण आलं, कोण आलं?"

एक. दोन.

"अंहं!"

हुबेहूब तोच आवाज, त्याच मात्रेला, पण ताईच्या तोंडून. आणि ताईने दाराकडे पाहिलं.

बाईंचे हात पट्ट्यांवरच राहिले. सहा वर्षं कोण आलं म्हणून विचारलं की हेच उत्तर यायचं. ताईच्या लेखी तेच तिचं नाव होतं, आणि बाईंनी ते उचलून बोळात नेऊन ठेवलं होतं.

"बाई, पुढे?" ढोलवाला कुरकुरला.

बाई उठल्या. बोळातली खुर्ची आत आणून त्यांनी दाराजवळ जुन्या जागी ठेवली, पदराने पुसली, आणि एक शब्दही न बोलता पुन्हा पियानोपाशी जाऊन बसल्या.