नातीच्या वतीनं आभार

माझी लेक ओहायोतल्या डब्लिनला झाली. कळा वेळेआधीच सुरू झाल्या. नवरा क्लायंटकडे क्लीव्हलंडला, मला गाडी येत नव्हती, आणि बाळंतपणासाठी नागपूरहून आलेली आई हातात पाण्याचा पेला घेऊन नुसती उभी. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचं दार तिनंच वाजवलं. बाई घरातल्या सपातांवरच निघाल्या आणि त्यांनी गाडी काढली. नवरा पोचेपर्यंत त्या हॉस्पिटलात आईशेजारी बसून होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. "त्यांनी माझा हात सोडला नाही," एवढंच आई सांगायची.

तेव्हापासून आईनं एकच धोशा लावला. या बाईंचं काहीतरी करायला हवं, आणि ते मी माझ्या हातानं करणार.

"अगं, मी थँक यू म्हटलंय त्यांना. कार्डही दिलं," मी म्हणाले.

"थँक यू काय, दार धरणाऱ्यालाही म्हणता तुम्ही लोक."

तिला त्यांची ओटी भरायची होती. हळदकुंकू, तांदूळ, खण, नारळ. बाईमाणसाचा याहून मोठा मान आमच्याकडे नाही. अडचण अशी की वडील जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि विधवेनं ओटी भरायची नाही. शेजारच्या बाईही विधवा, म्हणजे त्यांची कुणी भरायची नाही. मला या रितीची मनस्वी चीड आहे. चुलतबहिणीच्या लग्नात हळद लागायच्या वेळी माझी आई, एका शाळेची मुख्याध्यापिका, कोथिंबीर निवडायला आत जाऊन बसली होती. मी भांडले, तर म्हणाली, "मला कुणी हाकललं नाही. मीच गेले." कपाळ माझं!

तिनं पुण्याच्या मावशीला फोन लावला. मावशीनं निकाल दिला, काजूकतलीचा डबा द्या आणि मोकळ्या व्हा. आईनं फोन ठेवला आणि लंगोटांच्या घड्या घालत बसली. तिचं परतीचं तिकीट नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारचं होतं.

त्याच आठवड्यात बाईंनी आम्हाला गुरुवारी थँक्सगिव्हिंगला जेवायला बोलावलं. हा कुठल्या देवाचा सण, आईनं विचारलं. पेपरात राष्ट्राध्यक्षांचं जाहीर आवाहन आलं होतं. ते दरवर्षी येतं आणि दरवर्षी कुणी वाचत नाही, मीही वाचलं नव्हतं. अर्थ सांगत सांगत तिला वाचून दाखवलं. येत्या गुरुवारी समस्त अमेरिकनांनी घरोघरी, देवळाराउळांत एकत्र यावं आणि आपल्याला जे मिळालं त्याबद्दल आभार मानावेत. इथं सुट्टी म्हणजे टर्की, फुटबॉल आणि दुसऱ्या दिवशीचा सेल. पण आईची हयात शाळेत गेलेली. वरून परिपत्रक आलं की झेंडा असो, झाडं असोत, अंमलबजावणी झालीच पाहिजे.

"खाली सही आहे?"

"आहे. राष्ट्राध्यक्षांची."

"सगळ्यांनी आभार मानायचे, की कुणाला वगळलंय?"

"वगळलं नाही कुणाला. पण अमेरिकनांनी गं. आपण व्हिसावाले."

तिनं पाळण्याकडे बोट दाखवलं. "ही?"

"ही अमेरिकन. इथंच जन्मली ना."

"मग झालं तर. हिला अजून मान धरता येत नाही. लहान मुलाच्या वतीनं पालकानं करायचं असतं. आणि बाई आल्या त्या हिच्यासाठीच. मी भरते ओटी."

"आणि मावशी?"

"मावशीचा काय संबंध? हा सरकारी आदेश आहे."

मला हसू फुटलं, पण तिच्याकडे बघितलं आणि थांबले. तिनं बॅग ओढून खण शोधायला सुरुवातही केली होती. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि भीतीही वाटली की गुरुवारपर्यंत ती कच खाईल.

तिनं कच खाल्ली नाही. नवऱ्यानं कोलंबसच्या इंडियन स्टोअरमधून नारळ आणला. खण तिच्या बॅगेत होताच. बाईंकडे टेबलावर मधोमध भाजलेली अख्खी टर्की मांडलेली. आईनं तिच्याकडे पाठ केली आणि बाईंना समोर खुर्चीवर बसवलं. मी इंग्लिशमध्ये थोडक्यात सांगितलं की आमच्याकडे आभार असे मानतात. पदर नव्हता म्हणून बाईंनी एप्रन पसरला. आईनं त्यांच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. बारा वर्षांत प्रथमच कुणालातरी लावत होती. मग तांदूळ, खण, नारळ. नारळ भलताच जड निघाला म्हणून बाई हसल्या.

"नाऊ माय टर्न?" त्यांनी मला विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत उठून बोट कुंकवात बुडवलं.

असं करत नाहीत, हे मला सांगता आलं असतं. मी लेकीचं दुपटं सारखं केलं. बाई चांगल्या उंच, आई जेमतेम त्यांच्या खांद्याला लागणारी. ती मागं सरेल असं वाटलं होतं. तिनं चेहरा वर केला. बाईंनी चांगला रुपयाएवढा, वाकडा टिळा लावला. मग आम्ही जेवलो. आईनं बटाटे आणि पम्पकिन पाय हे भोपळ्याचं पक्वान्न खाल्लं, त्यात अंडं आहे का हेसुद्धा विचारलं नाही.

घरी आल्यावर तिनं नेहमीसारखं तोंड धुतलं. गाल, हनुवटी, मान, सगळं. कपाळाला पाणी लागू दिलं नाही.