प्लगइन काढल्यानंतर

सुनंदाच्या मसाल्यांची वेबसाइट फार हळू चालायला लागली, म्हणून मी तिच्या शेजारी बसून डेटाबेस उघडला. गिऱ्हाइकांशी बोलायला साइटला जोडलेलं चॅटचं प्लगइन आम्ही मागेच काढून टाकलं होतं. ती घर सोडून आल्यावर तिचा नवरा त्यातूनच तिला धमक्या द्यायचा. पण प्लगइन गेलं तरी त्याची टेबलं, म्हणजे साठवलेल्या नोंदींचे तक्ते, मागे राहिली होती आणि त्यांत नवऱ्याचा शब्दन् शब्द शाबूत होता. ‘हात मोडलाय, आता मान मोडीन.’ ‘दुकानासकट जाळून टाकीन.’

मी घाईने स्क्रीन झाकायला गेले, पण तिने वाचलं होतं. तिचा उजवा हात डाव्या मनगटावर गेला. ते त्याने दारात चिरडून मोडलं होतं.

माणूस आयुष्यातून काढला की सुटलो, असं आपण किती सहज म्हणतो. खाल्लेला मार मात्र आत जागा अडवून बसलेला असतो.

“पुसू ना गं?” मी विचारलं.

“आधी सगळं वकीलबाईंना पाठव. मग मीच पुसते.”

पाठवून झाल्यावर तिने बटणावर असा हात आपटला की शेजारचा चहा सांडला. टेबलं गेली.

“परत बघ,” ती म्हणाली. मी बघितलं. काही उरलं नव्हतं.

“अजून एकदा बघ.”