पाय कोणी कोणाचे धुवायचे

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या स्मरणिकेत छापलंय, की पाय धुण्याच्या विधीला मी ‘या मातीतला अर्थ’ दिला. लिहिणाऱ्याचा दोष नाही, त्याला ते मीच सांगितलं होतं. खरं काय झालं ते आता लिहितो.

मी जुन्नरला नवा पाळक होतो. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, येशूने शिष्यांचे पाय धुतले तसे मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुवायचं ठरवलं. बाराही जण घरूनच पाय दगडाने घासून आले. पाळकाला मळके पाय कसे दाखवायचे? मी परात घेऊन वाकलो, तोच पहिल्या खुर्चीवरच्या थोरल्या पंचांनी पाय वर उचलले.

“साहेब, आमाला नरकात घालता का राव? गुरूनं पाय धरायचे व्हय? उठा, तुमी बसा खुर्चीत.”

मी बसलो. पाणी कोमट होतं. सगळ्यांनी माझे पाय धुतले, एकाने तर ते पाणी डोळ्यांना लावलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

पुढच्या वर्षी खुर्चीवर गादी आली. मग मी त्याला तत्त्वज्ञान शोधलं: गुरुपरंपरा, शिष्याचं समर्पण. पुण्याच्या परिसंवादात त्यावर निबंधही वाचला. येशूच्या गोष्टीत वाकला होता तो गुरूच, हे तिथे कोणी काढलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

एका वर्षी डिंभ्याची एक बाई त्या बारांत बसली. धरणातले मासे घोडेगावला विकायची. बाप्तिस्मा नुकताच झालेला. मी वाचलेला, येशूने पाय धुतल्याचा उतारा ऐकून तिने भेगाळलेले पाय सरळ पुढे केले.

“अगं बाये, नवरदेव हायेस का तू?” मागून कोणीतरी म्हणालं. चर्चभर हशा झाला.

मी मात्र गंभीरपणे म्हणालो, “बाई, आपली संस्कृती वेगळी आहे.”

तिने पाय आत घेतले, माझे धुतले आणि पुन्हा चर्चची पायरी चढली नाही.

परवा एसटीने डिंभ्याला तिच्या घरी गेलो. ती आता माझ्यासारखीच थकलेली. पाहुण्यासाठी म्हणून तिने दारात पाण्याचा तांब्या ठेवला. मी तो उचलला. “बाई, पाय पुढे करा.”

ती बघतच राहिली. “आत्ता सुचलं व्हय? अन् खाली बसलात तर उठवायचं कोणी? घरात मी एकलीच.”

“नाही उठता आलं तर बसून राहीन.”

ती उंबऱ्यावर टेकली आणि पाय पायरीवर ठेवले.

“टाचा नीट घासा. आज बाजार व्हता.”