बटावरचे आप्पा आणि गरम गोळ्या

फायरिंगच्या दिवशी बटावर, म्हणजे आमच्या गोळीबाराच्या मैदानावर, कुणी बोलत न्हाई. सगळ्यांच्या कानात कापूस, आणि हुकूम कडक. दिवसभर पोटात दाबून ठेवलेलं मग चहाच्या टायमाला बाहेर पडतं. पोलिसाजवळ दुसरं काही साठो न साठो, किस्से मात्र ढिगानं साठतात.

माझं काम लाल झेंड्याचं. गोळीबार चालू हाय, इकडं फिरकू नका, एवढं जगाला सांगायला फायरिंग लाईनीच्या उजवीकडं, लिंबाखाली झेंडा धरून बसायचं. जिंतूर रोडचा माळ, कोवळं ऊन, शेजारच्या रानात कापूस फुटलेला. कानातल्या बोळ्यांतून गोळीचा आवाज येतो तो लांब कुणीतरी उखळात कांडायलंय असा. डोळा कधी लागतो, मलाच कळत न्हाई. आता हसा!

*

आप्पा म्हणजे आमचे आर्मरर, मुख्यालयातली सगळी हत्यारं दुरुस्त करणारे. कपाळाला भस्माचे पट्टे, बोटाला कायम बंदुकीचं तेल. दिवाळी झाली की रिटायर होणार होते. सकाळी महादेवाला बेल वाहताना त्यांचं एकच मागणं असायचं, की माझ्या हाताखालून गेलेल्या पिस्तुलानं आपल्या कुणाचा हात जाऊ नये. बंगला न्हाई, गाडी न्हाई, एवढंच.

आणि नेमक्या त्याच साली सरावाला गरम गोळ्या आल्या. कार्बाइन बंदुकीसाठी बनवलेल्या, पिस्तुलाच्याच मापाच्या, पण आत दाब जास्त. नव्या पिस्तुलाला चालून जातात. जुन्याची स्प्रिंग थकलेली असली की वरची सरकती स्लाईड धाडकन मागं आदळते, आणि पिस्तूल आतून खिळखिळं व्हायला लागतं.

आमच्यातला एकजण म्हणाला, माप तेच हाय, गोळी बसायलीय, मग अडचण काय?

आप्पा म्हणाले, "जावयाचा बूट बी मला बसतो. म्हणून घालून हिंडू का?"

*

आप्पांनी मग एकेक पिस्तूल खोलून बघितलं. ज्यांच्या स्प्रिंगा नव्या घातल्या ती बाजूला. ज्यांचा भरवसा न्हाई त्यांच्या मुठीला लाल दोरा बांधला. दोरेवाल्यात गरम गोळी भरायची न्हाई, असा नियम.

नवीन साहेब आले. तपासणी जवळ आली होती, त्यांना सगळी पिस्तुलं एकदा चालवून बघायची होती. दोरा बघून त्यांना वाटलं, हा नवस-बिवसाचा प्रकार असंल. हसतच विचारलं, ह्याचं काय व्रत हाय का?

आप्पा म्हणाले, "उपास हाय साहेब त्याचा. गरम चालत न्हाई."

साहेब चांगले होते. पोटभर हसले आणि उपासवाल्यांसाठी साध्या गोळ्या मागवून घेतल्या. तपासणीत सगळी पिस्तुलं चालली, उपास कुणाचाच मोडला न्हाई.

*

गोळी उडाली की पितळेची रिकामी पुंगळी बाहेर पडते. ती जमा करावीच लागते. एक जरी कमी पडली तरी घरी कुणी जात न्हाई, सगळे गवतात हात घालून वाकतात. लांबून बघणाऱ्याला वाटंल, हे लोक खुरपायला आलेत.

गरम गोळीची पुंगळी बी गरम. एकदा आमच्या जाड हवालदारांच्या कॉलरीतून शेजारच्याची पुंगळी आत गेली, ती थेट पाठीवर. गडी नाचायलाय, हातात भरलेलं पिस्तूल, आणि आमी सगळे पोटावर आडवे!

आप्पा तेवढे उभे. त्यांनी हवालदारांचं मनगट धरून जमिनीकडं दाबलं आणि त्यांच्या कानातला कापूस काढून सांगितलं, "आधी नळी खाली. मग पाहिजे तेवढं नाचा."

*

एकदा मी झेंड्याखाली असा गाढ झोपलो होतो की सपनात झरीला, आमच्या घरी पंगत बसली होती. बायको वाढायलीय, मी नको नको म्हणायलोय, आणि तिनं उलथनं माझ्या गुडघ्यावर आपटलं. जागा झालो. मांडीवर पुंगळी!

वर बघतो तर आप्पा उभे. म्हटलं, गेली नोकरी. पण त्यांचं ध्यान माझ्याकडं नव्हतंच. लाईनीपासून माझ्यापर्यंतचं अंतर ते डोळ्यानं मोजायले होते. पुंगळी एवढ्या लांब उडाली म्हणजे त्या पिस्तुलाची स्प्रिंग थकली. जाऊन त्यांनी ते पिस्तूल काढून घेतलं, दोरा बांधला, आणि परत येताना मला म्हणाले, "झोपत जा. पर रोज इथंच झोप, मला अंदाज येतो."

*

पेडगावची रेखा आमच्यात नवी. गरम गोळीचा झटका तिच्या मनात बसला होता. गोळी सुटायच्या आधीच दचकायची, नेम मातीत. आप्पांनी तिच्या नकळत मॅगझीनमध्ये मधेच एक नकली गोळी घातली. आवाज न्हाई, झटका न्हाई, तरी हात उडाला. ती स्वतःच हसायला लागली. भीती तिथंच निम्मी गेली.

पुढं तर ती सगळ्यात चपळ झाली. पिस्तूल अडलं की स्लाईड मागं ओढायची आणि पुन्हा फायर, डोळ्याचं पातं लवायच्या आत. म्हणायची, आता घरी सासूबाई ओरडल्या तरी मी दचकत न्हाई.

*

आप्पांचा शेवटचा सराव. त्या दिवशी मी जागा होतो, का कुणास ठाऊक. रानातला कापूस उडून माळावर यायला होता, बंदुकीच्या धुरात मिसळायला होता, आणि सगळं कसं पाण्याखाली चालल्यासारखं हळू.

रेखाच्या पिस्तुलातून धाड न्हाई, नुसतं फुस्स झालं. एखादी गोळी फुसकी निघते, तशी निघाली. शिसं नळीतच अडकलं. मागून आता एक गरम गोळी गेली असती तर पिस्तूल तिच्या हातातच फुटलं असतं. तिच्या कानात कापूस. शिकवल्याप्रमाणं तिनं झटक्यात स्लाईड ओढली आणि नेम धरला.

ओरडून उपयोग नव्हता. मागं उभ्या आप्पांनी आपला पंजा पुढं घातला, गोळीला ठोका देणारा पिस्तुलाचा मागचा घोडा पडतो त्याच फटीत. घोडा पडला तो आप्पांच्या हातावर. गोळी सुटली न्हाई.

आप्पांनी पिस्तूल घेतलं, नळी मातीकडं केली, रिकामं केलं. मग सगळ्यांना रांगेत उभं करून हात पुढं करायला लावले. एकेकाचे तळवे बघत गेले, उलटे-सुलटे करून. माझे बी बघितले, मी तर झेंडेवाला. रेखाचे हात मात्र त्यांनी लय वेळ धरून ठेवले.

मग म्हणाले, "झालं. सगळे हाईत."

रेखा रडायला लागली होती. तिनं त्यांच्या उजव्या हाताला गुंडाळलेला रुमाल बघितला, लाल होत चाललेला.

"आप्पा, तुमचा?"

"महादेवाला तुमचे मागितले होते, पोरी. माझा मागायचा राहूनच गेला की."