पसंतीक्रम लावून देणाऱ्या मावशी

जाम गावच्या बसथांब्यावर भेटलेल्या त्या मावशींचं नाव मी विचारलंच नाही. भाजी विकून त्या रिकाम्या टोपलीशेजारी बसल्या होत्या आणि बोलता बोलता उजवा खांदा गोल फिरवत होत्या. मी मोबाइलवर फिजिओथेरपीच्या दोन कॉलेजांचा पसंतीक्रम भरत होते. मुदत त्याच संध्याकाळी संपणार होती, आणि आमच्या घरात कॉलेज पाहिलेलं कोणीच नव्हतं.

"तोंड काऊन उतरलं वं पोरी?"

मी अडखळत दोन्ही नावं सांगितली. त्या हसल्या. आखडलेल्या खांद्यासाठी त्या दोन्ही कॉलेजांच्या दवाखान्यांत जाऊन आल्या होत्या.

"मोठ्या बिल्डिंगवाल्यात मशीन लावून देतेत. शिकणारे पोरं भिंतीले टेकून मोबाइल पाहून राह्यले होते. दुसऱ्यात पंखा बी धड नाई, पण तिथल्या पोरीनं माहा हात धरला. उचला म्हणे मावशी, अजून उचला. मी शिव्या देल्या, तरी सोडला नाई."

मी मोठी बिल्डिंग पहिली टाकली होती. तिथंच क्रम बदलला.

आता तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडचे पंखे खरंच धड नाहीत. "सोड वं पोरी" म्हणून रोज कोणीतरी माझ्यावर ओरडतं, आणि मी सोडत नाही.